वीज किती लागणार, हे ठरवतं कोण? ऊर्जेचा हिशेब सर्वांसाठी खुला करणारी सॉफ्टवेअर

कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यात पाटगाव परिसरात २,१०० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे. उदंचन म्हणजे पंप्ड स्टोरेज. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करायची. थोडक्यात, पाण्याची एक अवाढव्य बॅटरी. पाटगाव धरणाचं पाणी कुणाचं, या प्रश्नावरून तिथल्या गावांनी विरोध केला आणि मोर्चे निघाले.

या वादात पाण्याची चर्चा भरपूर झाली आणि ती व्हायलाच हवी. पण तिच्या मागे आणखी एक प्रश्न उभा आहे. इतकी साठवण खरोखर लागणार आहे का? की कमी साठवण, जास्त काटकसर आणि कामाच्या वेळांत थोडा बदल, एवढ्यावर भागेल? या प्रश्नाचं उत्तर शेवटी एका आकड्यात येतं आणि तो आकडा संगणकातल्या एका प्रतिकृतीतून निघतो. तिला 'एनर्जी मॉडेल' म्हणतात. आपल्या वीजबिलापासून आपल्या गावच्या धरणापर्यंत अनेक गोष्टी अशा मॉडेलवर ठरतात. म्हणूनच ते काय असतं, आणि ते खुलं असणं आपल्यासारख्या सामान्य ग्राहकांच्या का फायद्याचं आहे, हे आपण समजून घेऊ.

मॉडेल म्हणजे नेमकं काय?

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग शेडचं उदाहरण घेऊ. समजा, शेडमध्ये १० माग आहेत आणि प्रत्येकाला एक हॉर्सपॉवरची मोटर आहे. सगळे एकदम चालले की साधारण साडेसात किलोवॉट लागतात. दिवसाची पाळी १२ तासांची धरली तर ९० युनिट झाले. आता छतावर १० किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले. आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे ४० युनिट. भर दुपारी पॅनेल सात-आठ किलोवॉट देतात आणि नेमके तेवढेच मागांना लागतात. जवळजवळ सगळी सौर वीज जागच्या जागी वापरली जाते.

हेच पॅनेल एखाद्या मशिदीच्या छतावर बसवून बघा. तिथला वापर फजरला, मगरिबला आणि इशाला जास्त, म्हणजे नेमका ऊन नसताना. दुपारी जोहरची जमात आणि जुमा सोडला तर पंखे बंदच. समजा दिवसाला १५ युनिट लागतात आणि त्यातले पाचच उन्हाच्या वेळेत. मग उरलेले ३५ युनिट ग्रीडमध्ये जातील. त्यांचा मोबदला किती मिळणार हे नेट मीटरच्या नियमांवर अवलंबून. बॅटरी घेतली तर तिचा खर्च वेगळा.

ऊन तेच, पॅनेल तेच, पण हिशेब पूर्ण वेगळा. का? कारण वीज किती लागते याच्या इतकंच ती कधी लागते हेही महत्त्वाचं असतं. वर्षात ८,७६० तास असतात. एनर्जी मॉडेल यातल्या प्रत्येक तासाची, किंवा निवडक तासांची, जुळणी बघतं: या तासाला मागणी किती, ऊन किती, ग्रीडचा दर किती, बॅटरीत शिल्लक किती. मग सगळ्या अटी पाळून सर्वांत कमी खर्चाचं उत्तर शोधतं. एका शेडसाठी हा हिशेब वहीवर जमेल. पण लाखो ग्राहक, शेकडो वीजकेंद्रे आणि पुढची वीस वर्षे एकत्र घेतली की संगणकाशिवाय पर्याय नाही.

फुकट वेगळं, खुलं वेगळं

आता 'ओपन सोर्स' म्हणजे काय ते बघू. एखाद्या खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा फुकट वाढला, तर पोट भरेल पण त्यात काय घातलंय ते कळणार नाही. तिखट जास्त वाटलं तरी आपण बदलू शकणार नाही. पण त्यांनी पाककृतीच लिहून दिली तर आपण घरी करून बघू, मीठ-मसाला कमी-जास्त करू आणि शेजाऱ्यालाही देऊ. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे पाककृतीसकट मिळालेला रस्सा. त्याचा मूळ कोड वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो.

हा फरक ऊर्जेच्या क्षेत्रात फार मोलाचा आहे. उदाहरणार्थ, युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचं 'पीव्हीजीआयएस' हे साधन कुणालाही इंटरनेटवर मोफत वापरता येतं. कोल्हापूरचं ठिकाण नकाशावर निवडलं की कोणत्या महिन्यात किती सौर वीज मिळेल याचा अंदाज ते देतं. जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत उत्पादन किती घसरतं तेही त्यात दिसतं. पण ते वापरायला मोफत आहे, इतकंच. याउलट अमेरिकेतल्या 'एनआरईएल' या सरकारी प्रयोगशाळेने आपल्या 'सिस्टीम ॲडव्हायझर मॉडेल'चा म्हणजे 'सॅम'चा कोड २०१७ मध्ये खुला केला. म्हणजे त्यातलं सूत्र चुकीचं वाटलं तर कुणीही जाणकार ते उघडून तपासू शकतो.

दाभोळने शिकवलेला धडा

हिशेब बंद असला की काय होतं, याचं सर्वांत महागडं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जून १९९२ मध्ये राज्य सरकारने एन्रॉन कंपनीबरोबर सामंजस्य करार केला आणि डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ वीज प्रकल्पाचा खरेदी करार झाला. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात तो उभा राहिला. वीज घेतली नाही तरी मोठा स्थिर आकार भरायचाच, अशी कराराची रचना होती. त्यामुळे सगळा व्यवहार एका गृहीतकावर टेकला होता: राज्याला इतकी वीज इतक्या महाग दराने खरोखर लागेल का?

जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. प्रकल्प मागणीच्या मानाने मोठा आहे आणि सर्वांत स्वस्त पर्याय नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेतील गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये प्रकल्पाचं तांत्रिक आणि आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. कराराचा तपशील सहज मिळत नव्हता. त्या काळात मोजक्या माणसांनी बसून गणितं केली आणि हा सौदा राज्याला झेपणार नाही हे आकड्यांनी दाखवलं.

पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षी माधव गोडबोले यांच्या समितीने या व्यवहारातील त्रुटी नोंदवल्या आणि डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. संत आणि दीक्षित यांनी पुढे महाराष्ट्रासाठी कमीत कमी खर्चाचं वीज नियोजन कसं असावं याचाही अभ्यास मांडला. त्यात नवं केंद्र बांधण्याइतकाच विजेची बचत हाही एक पर्याय धरला होता.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चुकीच्या अंदाजाची किंमत अंदाज बांधणारा भरत नाही. ती ग्राहक भरतो, म्हणजे घराचं बिल भरणारी गृहिणी, माग चालवणारा कारखानदार आणि मोटारीचं बिल भरणारा शेतकरी. म्हणून तो अंदाज तपासायचा हक्कही त्यांनाच हवा.

'रूमी'ची ओळख

याच 'प्रयास'च्या ऊर्जा गटाने पुढे एक पाऊल टाकलं. त्यांनी ऊर्जा मॉडेल तयार करण्यासाठी एक ओपन सोर्स व्यासपीठ बनवलं आणि त्याचं नाव 'रूमी'. नाव ऐकून आपल्याला मौलाना रूमी आठवले तर नवल नाही. पण हे रूमी पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेलं आहे आणि त्याचा कोड कुणालाही उतरवून घेता येतो. या व्यासपीठावर त्यांनी भारताचं 'पीयर' नावाचं मॉडेल बांधलं आणि २०२१ मध्ये या दशकातील भारताच्या ऊर्जेचं चित्र मांडलं.

रूमीचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला मागणीचा. लोकांना ऊर्जा कशासाठी लागते इथून तो सुरू होतो: दिवे, पंखे, फ्रीज, स्वयंपाक, शेतीपंप, कारखाने. दुसरा पुरवठ्याचा. ती मागणी कोळसा, पाणी, सूर्य, वारा यांतून कमीत कमी खर्चात कशी भागवायची हे तो शोधतो.

यात आपल्याला भावणारी गोष्ट अशी की, मागणी मोजताना सगळ्या घरांना एकाच मापाने मोजलेलं नाही. शहर आणि खेडं वेगळं, राज्यं वेगळी आणि कुटुंबाच्या खर्चाच्या पातळीप्रमाणे गटही वेगळे. एसी लावणारं घर आणि एका पंख्यावर उन्हाळा काढणारं घर यांची सरासरी काढली की गरीब घर आकड्यांतून गायबच होतं. गट वेगळे ठेवले की निदान प्रश्न तरी विचारता येतो: पुढच्या दहा वर्षांत वाढणारी वीज कुणाच्या घरात जाणार?

जगात अशी इतरही साधनं आहेत. 'ओसेमोसिस' हे मॉडेल २०११ च्या सुमारास पुढे आलं. ज्या देशांना महागडे परवाने परवडत नाहीत त्यांच्या नियोजनकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना वापरता यावं, हाच त्यामागचा उद्देश होता. त्याची मूळ सूत्रं मोजक्या पानांत मावतात. जर्मनीत सुरू झालेलं 'पिप्सा' वीजवाहिन्यांच्या जाळ्यासकट संपूर्ण ग्रीडचा अभ्यास करतं. सर्वांत स्वस्त उत्तर शोधणारे गणिती इंजिन, ज्यांना सॉल्व्हर म्हणतात, तेही आता खुले मिळतात. भारत सरकारच्या पातळीवर तत्कालीन नियोजन आयोगाने २०१४ मध्ये 'इंडिया एनर्जी सिक्युरिटी सिनॅरिओज २०४७' हे साधन आणलं. ते एक्सेलवर चालतं. कोळसा इतका, सौर इतकी, बचत इतकी, असे पर्याय आपणच निवडायचे आणि २०४७ चं चित्र बघायचं.

कोल्हापूरचं चित्र कसं दिसेल?

हीच पद्धत आपल्या जिल्ह्याला लावून बघू. आधी मागणी. इचलकरंजीचे माग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्री, कागल-हातकणंगलेची औद्योगिक वसाहत, पंचगंगा, भोगावती, कृष्णेच्या काठचे उपसा पंप आणि लाखो घरं. प्रत्येकाची वेळ वेगळी. फौंड्रीची भट्टी पेटली की एकदम मोठा भार येतो. शेतीपंप वेळापत्रकाप्रमाणे चालतात, अनेकदा रात्री. रात्रीच्या अंधारात शेतात जावं लागतं, साप-विंचवाची भीती असते, म्हणून दिवसा वीज द्या अशी मागणी करत २०२२ मध्ये शेतकऱ्यांनी कोल्हापुरात आंदोलन केलं होतं.

आता पुरवठा. राजर्षी शाहू महाराजांनी पाया घातलेलं राधानगरी धरण आहे, तिथे जलविद्युत आहे. वारणा, हुपरीच्या जवाहरसारख्या साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडावर सहवीजनिर्मिती होते. शिरोळ तालुक्यातल्या कोंडिग्रेत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून तीन मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. बाकी वीज राज्याच्या ग्रीडमधून येते.

हे सगळं वर्षाच्या कॅलेंडरवर मांडलं की गंमत दिसते. पावसाळ्यात सौर वीज घटते तेव्हा धरणं भरलेली असतात. हिवाळ्यात गळीत हंगाम असतो तेव्हा चिपाड मिळतं. उन्हाळ्यात पाणी कमी पण ऊन भरपूर. म्हणजे आपल्या जिल्ह्यातले स्रोत बऱ्याच अंशी एकमेकांची उणीव भरून काढतात. आणि शेतीपंप रात्रीऐवजी दिवसा चालले तर दुपारची सौर वीज तिथेच खपते. मग संध्याकाळसाठी किती साठवण लागते? पाटगावच्या चर्चेत विचारायला हवा तो प्रश्न हाच. असे प्रकल्प राज्याच्या किंवा देशाच्या गरजेसाठी असतात हे खरं, पण त्या गरजेचा हिशेबही याच पद्धतीने होतो. खुल्या मॉडेलमध्ये पंप दिवसा चालवून आणि पंप न बदलता, अशा दोन्ही प्रकारे तो करून बघता येतो.

मॉडेलला काय येत नाही?

मॉडेल म्हणजे भविष्यवाणी नव्हे. आत जे घालाल तेच बाहेर येतं. एक छोटं गणित बघा. १० किलोवॉटचं संयंत्र समजा पाच लाखांना पडलं. वर्षाला १४,००० युनिट आणि युनिटमागे आठ रुपये वाचले, तर साडेचार वर्षांत पैसे वसूल. वाचणारा दर सहा रुपये धरला तर सहा वर्षं. सावली आणि धुळीमुळे १२,००० युनिटच मिळाले तर जवळपास सात वर्षं. संयंत्र तेच, पण गृहीतकं बदलली की उत्तर बदललं.

व्याजाचंही तसंच. पाच लाख १० टक्क्यांनी घेतले तर पहिल्या वर्षी ५० हजार व्याजातच जातात आणि ७२ हजारांच्या बचतीतले २२ हजारच हाती राहतात. एखाद्या ट्रस्टने लोकवर्गणीतून किंवा कर्ज-ए-हसनावर तेच काम केलं तर चित्र वेगळं दिसतं. मोठ्या मॉडेलमध्येही असा एक दर धरलेला असतो. तो जास्त धरला की सुरुवातीला खर्चिक पण नंतर स्वस्त असलेले सौर-पवनचे पर्याय मागे पडतात. अहवालाच्या कोपऱ्यात छापलेला हा एक आकडा हजारो कोटींची दिशा बदलू शकतो.

आकड्यांचा कच्चा माल शुद्ध हवा, हेही तितकंच खरं. शेतीपंपांचा वापर किती, हा महाराष्ट्रातला जुना वाद आहे. बहुतेक पंपांचा वापर मीटरवरून नव्हे तर अंदाजाने धरला गेला, आणि तो फुगवला की वितरणातली गळती आणि चोरी कमी दिसते. हा मुद्दा इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांनी महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेच्या माध्यमातून वर्षानुवर्षे वीज नियामक आयोगापुढे लावून धरला. सॉफ्टवेअर कितीही खुलं असलं तरी त्यात घातलेली आकडेवारी बंद असेल तर उपयोग अर्धाच.

शिवाय काही प्रश्न गणिताच्या बाहेरचेच असतात. कुणाची जमीन जाणार, कुणाचं पाणी जाणार, पुरात कोणतं उपकेंद्र आधी वाचवायचं, हे माणसांनी मिळून ठरवायचं असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वीज गेली आणि पाण्याच्या टाक्याही रिकाम्या राहिल्या. सर्वांत स्वस्त उत्तर नेहमीच सर्वांत सुरक्षित नसतं, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असणार?

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट अगदी साधी. घर, शेड, मदरसा किंवा मशिदीसाठी सौरचं कोटेशन आलं की हिशेबाचा कागद मागा. किलोवॉटमागे वर्षाला किती युनिट धरले? वीजदर किती आणि तो दरवर्षी किती वाढेल असं गृहीत आहे? पॅनेलची दरवर्षीची घट धरली का? इन्व्हर्टर बदलायचा खर्च कुठे आहे? घरगुती ग्राहकांना पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढे ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते घरांसाठी आहे. संस्थेच्या कोटेशनमध्ये ते कुणी वजा करून दाखवलं असेल तर थांबा. मिळालेले आकडे पीव्हीजीआयएस किंवा सॅममध्ये घालून ताडून बघा. लोकवर्गणीचा पैसा असेल तर हा कागद सूचनाफलकावर लावा.

दुसरी गोष्ट आपल्या मुलामुलींसाठी. इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही साध्या लॅपटॉपवर हे काम सुरू करता येतं. थोडं पायथॉन, थोडं एक्सेल आणि चिकाटी एवढंच भांडवल. परवान्याची फी नाही, कुणाची शिफारस नको. शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून आपल्या तालुक्याचं छोटं मॉडेल बांधलं, तर ते पुढच्या वर्षी दुसरा कुणी सुधारू शकतो, कारण कोड खुला आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, ती ज्ञानाची दारं बंद राहू नयेत म्हणूनच. आज त्यातलं एक दार असं विनामूल्य उघडं आहे.

तिसरी गोष्ट नागरिक म्हणून. वीज दरवाढीचा प्रस्ताव आला की नियामक आयोग हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे 'दर वाढवू नका' एवढंच म्हटलं तर नोंद होते. पण 'तुमच्या मागणीच्या अंदाजात अमुक तासांची बेरीज जुळत नाही' असं म्हटलं तर उत्तर द्यावं लागतं. मोठ्या प्रकल्पाच्या सुनावणीतही हेच. विरोध करायचा असो की पाठिंबा द्यायचा असो, आधी मॉडेल मागा, त्यातली गृहीतकं मागा आणि आपल्या गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला किंवा पोराला ते उघडून बघायला सांगा.